तुझ्या जहाजावरची पाहुणी

“नेव्हीवाला म्हणल्यावर घेतलीच असंल की. त्यांना तर सरकारच पाजतं.”

दादा, तुला नेल्यानंतर तिसऱ्या दिवशी हे वाक्य मी तुझ्याच पडवीत ऐकलं. सुतकाच्या घरात चूल नाही, म्हणून चहा शेजारून आला होता आणि तो वाटायचं काम माझ्याकडे होतं. बोलणारी बाई तुझ्या हळदीला सगळ्यांत पुढे नाचली होती. तिने माझ्या ट्रेमधला कप उचलला, माझ्याकडे बघून आवाज मऊ केला आणि म्हणाली, “तू दौंडच्या तात्याची का गं? केवढी झालीस! लई गुणाची, तोंडातनं शब्द न्हाई.”

मी पुढच्या बाईला चहा दिला.

अंधार पडता पडता तुझी मोटारसायकल चेअरमन अण्णांच्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. तुझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये मिलिटरी कॅन्टीनच्या रमच्या बाटल्या होत्या, त्या फुटल्या. जे पहिल्यांदा धावत आले त्यांना आधी वास आला. एवढ्यावर गावात, आपल्या मांडवगणात, तुझा निकाल लागला. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट अजून यायचाय, पण त्याची वाट बघायची गरज कुणाला वाटत नाही. नेव्ही, रम, रस्ता. गोष्ट पूर्ण झाली.

तू माझा चुलत भाऊ. माझ्याहून बराच मोठा, वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा. आपण सलग असं फार कधी बोललोच नाही. त्यातला सगळ्यात मोठा दिवस तुझ्या जहाजावरचा. आता रडायला बसले की मला तू दिवाळीतला, लग्नातला आठवत नाहीस. त्या दिवशीचाच आठवतोस. पांढऱ्या कपड्यात, पाठ ताठ, तोंड बंद.

वर्षातून एकदा जहाज खलाशांच्या घरच्या माणसांना दिवसभर समुद्रात फिरवून आणतं, असं तू कळवलं होतंस. तुझी आई, म्हणजे माझी मोठीआई, आणि वहिनी येणार होत्या. वहिनीला तेव्हा दिवस गेले होते, म्हणून तिची जागा मला मिळाली. मी अकरावीत होते. पप्पा म्हणाले, “मोठीआईच्या बरोबर इंग्रजी बोलणारं कोणीतरी असावं.” इंग्रजी मला येत होतं. बोलणं मला कुठल्याच भाषेत येत नव्हतं, हे घरात अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गोदीच्या गेटवर आमचे फोन काढून घेतले. मग तू आलास आणि आम्हाला त्या शिडीपाशी नेलंस. मला जहाज दिसलंच नाही, नुसती राखाडी भिंत दिसली, नवा रंग दिलेली. वर जाणारा प्रत्येक खलाशी शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबत होता आणि मागच्या टोकाकडे तोंड करून सलाम ठोकत होता.

मोठीआईने विचारलं, “कुनाला करत्यात रं ह्ये?”

“निशाणाला, आई. जहाजावर पाय ठेवायच्या आधी करायचा असतो.”

मोठीआईने मान हलवली. तिला ते लगेच पटलं. तिने चपला काढल्या, शिडीच्या बाजूला धक्क्यावर नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी वर गेली. वर पोचल्यावर वाकून तिने दोन्ही हातांनी लोखंडाला स्पर्श केला आणि हात कपाळाला लावले. “माझ्या लेकाला इतकी वर्सं पान्यावर धरलंय बाबा तू,” असं ती जहाजाला म्हणाली.

पाहुण्यांच्या स्वागताला दोन तरुण ऑफिसर उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला इंग्रजीत म्हणाला, की आज आपलं देऊळ झालेलं दिसतंय, पुढच्या वेळी दानपेटी ठेवायला पाहिजे. दोघं हसले. मोठ्याने नाही, सभ्यपणे. मोठीआईला वाटलं साहेब लोक खूश झाले. तीही त्यांच्याबरोबर हसली.

तू तिच्या मागे आमची पिशवी धरून उभा होतास. तुझ्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. तू “येस सर” म्हणालास. तुला कुणी काही विचारलंही नव्हतं.

जहाज निघालं आणि मग आमच्या लक्षात आलं, की चपला धक्क्यावरच राहिल्या. मोठीआई अनवाणी समुद्रात आली होती. ऊन चढलं तसं डेकचं लोखंड तापायला लागलं. तू तुझ्या रबरी स्लीपर आणून दिल्यास, तर ती तुलाच रागावली. “येवढा नमस्कार करून वर आले, आन् आता त्येच्यावर चप्पल घालून फिरू व्हय?” तू वाद घातला नाहीस. एक पोतं ओलं करून आणलंस आणि तिच्या पायाखाली घातलंस. ते वाळलं की न सांगता परत भिजवून आणायचास. दिवसभर. तेवढं एक पोतं आठवलं की माझा सगळ्या जगावरचा राग थोडा वेळ खाली बसतो.

बाकी जे होतं ते मला ओळखीचं वाटलं. हेलिकॉप्टर उतरतं त्या मोकळ्या डेकवर मांडव घातला होता. पुढे ऑफिसरांच्या घरच्यांसाठी गादीच्या खुर्च्या आणि काचेचे ग्लास. मागे आमच्यासाठी बाकडी आणि कागदी कप. आपल्याकडे कारखान्याच्या कार्यक्रमाला स्टेजवर कोच आणि खाली सतरंजी असते तसं. सरबत एकाच पिंपातलं होतं. मी बघितलं.

मध्येच तोफ उडवून दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठीआईने माझा हात घट्ट धरला होता. “कुनाला मारलं रं?”

“कुणाला न्हाई आई. नुसता आवाज.”

“मग येवढं कशापायी?”

तू हसलास. त्या दिवशी पहिल्यांदा.

मग तू आम्हाला खाली नेलंस. दाराचे उंबरे गुडघ्याएवढे, माझ्या नडग्या दोनदा फुटल्या. खाली डिझेल, कांदा आणि ओल्या कपड्यांचा एकच मिळून वास. एकावर एक तीन बिछाने, त्यातला मधला तुझा. इतका अरुंद, की कूस बदलायची तर आधी बाहेर यावं लागेल. तुझा मित्र पांडे तिथे बूट पुसत बसला होता. तो म्हणाला, “बहनजी, आपका भाई रोज पूछता है, शिरूर में बारिश हुई क्या. हम बोलते हैं, भाई, बाहर इतना पानी पड़ा है, बालटी भरके ले जा.” मला तेव्हा नुसतं हसू आलं. तुझं अर्धं डोकं कायम भीमेच्या अलीकडेच असायचं, हे मला नंतर कळलं. आणि तू परत आल्यावर त्या गावाने तुला काय दिलं, तेही.

दुपारी मला समुद्र लागला. मी कठड्याला धरून ओकत होते आणि तू माझ्या पाठीवर हात ठेवून सुका पाव खायला लावत होतास. “मलाबी पहिली दोन वर्सं असंच व्हायचं. म्हणून तर मी कवा घेत न्हाई. पांडे घेतो. माझं डोकं हितं फुकटात फिरतंय, मुद्दाम कशाला फिरवू?”

हे तू मला सांगितलंस. गावाला सांगितलं नव्हतंस. गावाने विचारलंही नव्हतं.

परतताना बंदराच्या तोंडाशी आमचं जहाज थांबून राहिलं. दिवस मावळत होता. टेहळणी हे तुझं काम. त्या वेळी तुझी पाळी नव्हती, तरी तुझे डोळे पाण्यावरच होते. लांब एक छोटी बोट मागे एक मोठा तराफा ओढत चालली होती. तू मला दिवे दाखवलेस. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा. पुढच्या बोटीला होते आणि मागच्या तराफ्यालाही होते.

मी विचारलं, “मागच्याला कशाला? त्याला तर इंजिनच नाहीये.”

“म्हणून तर. त्येला थांबता येत न्हाई, वळता येत न्हाई. त्येनं निदान दिसलं तरी पायजे. समुद्रात ओढून नेतात त्यालाबी स्वतःचा दिवा लागतो. नसंल तर पहिला गुन्हा वढणाऱ्याचा.”

त्या दिवसातलं हे तुझं सगळ्यात लांब बोलणं. बाकी चारचौघांत दिवसभर तू “येस सर” आणि “इकडून या” एवढंच म्हणालास. हो, आणखी एकदा बोललास. कॅप्टन पाहुण्यांमधून फिरत आमच्यापाशी आले तेव्हा तू मला पुढे ढकललंस. “सर, माझी बहीण. इंग्लिश मीडियम.” ते हसून म्हणाले, काही विचारायचंय का? मला विचारायचं होतं. माझ्या काकूवर तुमची माणसं का हसली, हे विचारायचं होतं, आणि वाक्य इंग्रजीत तयार होतं, व्याकरणासकट. मी मानेनेच नाही म्हटलं. ते पुढे गेले.

धक्क्याला लागलो तेव्हा चपला होत्या तिथेच होत्या. मोठीआई त्या घालत होती तेवढ्यात तू हळूच विचारलंस, “सकाळी साहेब काय म्हणला, तुला कळलं हुतं ना?”

मी चमकले. “तुला कळलं?”

“इतकी वर्सं इंग्रजीच ऐकतोय की.”

“मग तू का नाही बोललास?”

“मी नोकरीत हाय. माझं तोंड उघडलं की माझी सुट्टी जाती. तू पाहुणी हायस. पाहुण्याला बोलता येतं. त्याला कोन काय करणार?”

मला त्याचा फार राग आला, दादा. आजही आहे. घरातल्या एकीला इंग्रजी शाळेत घातलं म्हणजे सगळ्यांच्या वाटचं तिनेच बोलायचं का? तुझी आई, तुझं जहाज, तुझे साहेब, आणि तोंड माझं? हे मी तुला गाडीतून मेसेज करून लिहिलं. समोर असताना नाहीच जमलं. तू उत्तरात नुसता हसणारा चेहरा पाठवलास. मग तो तुझा खेळच झाला. फोन केलास की पहिलं वाक्य, “काय, बोलली का आज कुनाशी?” मी चिडून फोन पप्पांकडे द्यायचे. हे भांडण आपलं संपलं नाही. मला ते तुझ्याशी संपवायचं होतं, आणि जिंकायचं होतं.

मग तू नेव्ही सोडून गावी आलास. तुला वाटलं होतं गाव वाट बघतंय. गाव तुझ्या कॅन्टीनच्या दारूच्या कोट्याची वाट बघत होतं. हा आला की विचार, कोटा आणला का. तो भेटला की विचार, आमच्यासाठी एक ठेव. तू स्वतः पीत नाहीस म्हटल्यावर तर सगळ्यांना आनंदच झाला, सगळाच माल वाटायला मोकळा. तू मला म्हणालास, “गावात माझं नावच कोटा पडलंय.” हसत म्हणालास. पण ‘नाही’ असं कुणालाच म्हणाला नाहीस. साहेबाला येस सर, आणि गावात आल्यावर अण्णांना व्हय अण्णा. मी हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं, की दुसऱ्याला बोलायला लावणारा तू, तुझं काय?

एका बाबतीत मात्र तू बोललास. अण्णा म्हणजे आपल्या भावकीतले, सोसायटीचे चेअरमन. सीझनला त्यांचे ट्रॅक्टर, त्यांच्याच तोडणीच्या टोळ्या. त्यांच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. तू त्यांना भर चौकात सांगितलंस, की दिवा लावा, नाहीतर निदान रेडियमच्या पट्ट्या तरी चिकटवा. अण्णा म्हणाले, “आरं, ह्ये काय तुझं जहाज हाय का? हितं सगळ्यांला म्हाईत हाय ट्रॉली कुठनं जाती ती.” सगळे हसले. तूही हसलास, असं तूच मला सांगितलंस.

कधी सांगितलंस? तू गेलास त्याच दिवशी. पुण्याहून कॅन्टीनचं सामान घेऊन येताना तू वाट वाकडी करून दौंडला आमच्याकडे आलास. पप्पांना दाढीचं क्रीम, मला काजू. सॅकमधल्या बाटल्या बघून पप्पा चेष्टेत म्हणाले, “आमच्या वाट्याला क्रीमच का?” तू म्हणालास, “तात्या, त्या अण्णाच्या. सकाळधरनं फोनवर फोन.” तू माझ्या हातचा चहा प्यालास. साखर कमी म्हणालास. निघताना हेल्मेट घालता घालता विचारलंस, “बोलली का आज कुनाशी?” मी म्हटलं, “तुझ्याशी बोलतेय ना!” तू म्हणालास, “मी काय मोजण्यातला हाय व्हय?”

त्यानंतर तू कुणाशी काय बोललास मला माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी, नदीवर राख सावडून परत येताना आम्ही अण्णांच्या वस्तीवरून आलो. ट्रॉली गोठ्यामागे उभी होती. पोलीस यायच्या आत ती रस्त्यावरून हलवली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. तिच्या मागच्या फळीवर लाल रेडियमच्या नव्या कोऱ्या पट्ट्या होत्या. फळी चिखलाने माखलेली आणि पट्ट्यांपुरतीच जागा फडक्याने पुसलेली. मी पप्पांची बाही ओढली. त्यांनी बघितलं. मग ते चपलेतला खडा काढायला वाकले.

घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, बाटल्या कुणाच्या होत्या ते तुम्हाला माहीत आहे.

“माहीत आहे.”

“मग सांगा ना.”

“ऊस उभा आहे,” पप्पा म्हणाले. “आपलाही आणि मोठीआईचाही. अण्णाची टोळी आली नाही तर जागेवर वाळेल. बोलून तो परत येणार आहे का?”

माझे पप्पा वाईट नाहीत, दादा. त्यांनी तुला खांदा दिला तेव्हा ते लहान मुलासारखे रडले. पण त्यांच्या रडण्यात आणि त्यांच्या गप्प बसण्यात त्यांना काही विरोध दिसत नाही. मला दिसतो.

तरी मी गप्पच बसले असते. मला माझी ओळख आहे. पण दहाव्याच्या आदल्या दिवशी मोठीआईने मला जवळ बसवलं. वहिनी लेकराला घेऊन आतल्या खोलीत होती. तिने बोलणंच सोडलंय. मोठीआईने इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू, चोरी केल्यासारखं विचारलं, “खरंच पिऊन हुता का गं माझा?”

मी जोरात मान हलवली. नाही, नाही.

“मग समदी कशी म्हणत्यात?”

तुझ्या आईला तुझी शंका आली, दादा. तुला सांभाळलं म्हणून जी बाई लोखंडाच्या पाया पडली होती, तिला. तिच्याकडून आता एवढंही काढून घेतलं. आणि माझं नुसतं मान हलवणं तिला पुरलं नाही. कसं पुरेल?

दहावा भीमेच्या घाटावर झाला. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, चांगलं झालं, मागं काही राहिलं नाही. प्रवचन झालं. मग माइकवाल्याने आलेल्या पुढाऱ्यांची नावं वाचली, कुणाच्या आधी कुणाचं घ्यायचं ते बरोबर सांभाळून. तुझं नाव त्यात कमी वेळा आलं. एकाने तू देशाच्या सीमेवर उभा होतास असं सांगितलं. समुद्राचं नावही घेतलं नाही. एकाने येत्या निवडणुकीचं थोडं बोलून घेतलं.

शेवटी अण्णा उठले. पांढरे कपडे, गळ्यात टॉवेल. आवाज भरून आला होता, आणि मला वाटतं तो खरा होता, तेच जास्त वाईट. म्हणाले, “आमचा नेव्हीवाला हिरा हुता. देशाची सेवा करून आला. पन तरुण मित्रांनो, एक गोष्ट मनाला लावून घ्या. व्यसन कुनालाच सोडत न्हाई. त्येनं आमच्या हिऱ्याला सोडलं न्हाई. आज या घाटावर शपथ घ्या...”

पुरुषांच्या रांगांमधून माना हलल्या. बायकांच्या घोळक्यात मोठीआई खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

माइकवाला म्हणाला, आणखी कुणाला श्रद्धांजली वाहायची असेल तर थोडक्यात. मी उठले. पुरुषांनी वाट दिली, कारण त्यांना वाटलं मला पाणी किंवा काहीतरी न्यायचंय. माइकवाला म्हणाला, “ताई, महिला मंडळाची श्रद्धांजली घरी...” मी हात पुढे केला. पप्पांनी लांबून मान हलवून नको म्हटलं. माइक जड होता आणि त्यात माझा श्वास सगळ्या घाटाला ऐकू जात होता. अण्णा अजून बाजूलाच उभे होते, मला धीर द्यावा तसे माझ्याकडे बघत.

मी म्हणाले, “मी त्याची बहीण. त्या दिवशी दादा आमच्या घरून चहा पिऊन निघाला. माझे वडील समोर बसले होते, ते इथेच आहेत. बाटल्या त्याच्या नव्हत्या. अण्णा, त्या तुम्ही फोन करून मागवल्या होत्या. तुमच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. रेडियम तुम्ही तो गेल्यावर लावलाय. मोठीआई, वर बघ. दादा प्यायलेला नव्हता.”